फुलोऱ्यातली पिवळी कण्हेर

देवीवर टांगलेल्या फुलोऱ्याला करंज्या अकरा, पुऱ्या नऊ, आणि हिरवी, चौकोनी फळं पाच. काल संध्याकाळी कानबाई देवी बसवताना लताबाईने दोरे स्वतः बांधले होते. तेव्हा फळं आठ होती. आता तीन दोरे तुटून लोंबत होते. पाटाखाली चावलेली सालं, पांढरा चीक; आणि उंबऱ्यावर भुऱ्या कुत्रा, तोंडातून फेस गाळत. एवढंसं पिल्लू असताना तिने त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं.

"आत्याबाई, हे फळ कशाचं?"

नर्मदाबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही. फळं त्यांनीच पाचोऱ्याहून, लेकीच्या अंगणातून आणली होती. "देवीना फुलोरा शे. त्यामा इख कसं राही?"

भुऱ्या दोनदा ओकला. मग मागचे पाय फाकले आणि तो आडवा झाला. नर्मदाबाई मिठाचं पाणी घेऊन धावल्या. लताबाईने त्यांचा हात धरला. गेल्या साली वासराला असंच तेल पाजलं, ते श्वासनळीत गेलं आणि वासरू दावणीलाच गेलं.

"पाजू नका काही. डॉक्टर विचारतील, काय खाल्लं? मी काय सांगू?"

लताबाईने फुलोऱ्याकडे हात नेला.

"इसर्जनना आगोदर हात नको लावू!" नर्मदाबाई किंचाळल्या.

देवीचा कोप तिलाही खरा वाटत होता. तरी तिने एक फळ तोडलं. सासूबाईंनी मिठाचं पाणी खाली ठेवलं.

"पिवळी कन्हेर शे ती," त्या पुटपुटल्या. "कानबाईनी जोडीले कन्हेर लागस, म्हनीसन लई उनू. फुलं नही भेटनात, त फळं..."

धाकटा दीर पितांबर याने राजदूत मोटरसायकल काढली. चाळीसगावापर्यंत भुऱ्याचं डोकं लताबाईच्या मांडीवर गोणपाटात लोळत राहिलं. "वहिनी, श्वास चालू शे ना?" तो दर वळणावर विचारी. तिला खात्रीने सांगता येईना.

गुरांच्या डॉक्टरांनी फळ चिरलं, आतली बी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बरं केलंत, फळ आणलंत. याने काळीज मंदावतं." भुऱ्याच्या मांडीच्या आतल्या नाडीवर बोट ठेवून ते घड्याळाकडे पाहत राहिले. बेचाळीस. "सत्तरच्या वर हवेत," ते म्हणाले. इंजेक्शन दिलं. पुन्हा मोजलं. पन्नास. लताबाईने डोळे मिटून घेतले. पितांबर दारात उभा होता, पण आत येईना.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बोट ठेवलं आणि पुरतं मिनिट मोजलं.

अठ्ठ्याहत्तर.