कापसाचे बोळे

"बाबा, नका ना बुजवू तिचे कान!"

काशिनाथने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बिजली घोडीच्या दुसऱ्या कानातही कापसाचा बोळा खुपसला. तीस वर्षांत त्याने सुरतेतले हजारभर नवरे घोडीवरून मांडवाच्या दारी पोचवले होते. स्वतः मात्र धुळ्याहून लग्नाला गेला तो एस.टी.त उभा राहून. तेव्हा आपल्याला घोडी शिकवायला ही अकरा वर्षांची तारा कोण?

तारा कोण, तर शेजारी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या बळीरामची पोर. शाळा सुटली की तबेल्यात. बिजली काशिनाथला आजवर चारदा चावली होती, ताराला एकदाही नाही. हे काशिनाथच्या पक्कं लक्षात होतं, पण बोलून दाखवायची त्याला हौस नव्हती.

मागच्या तीन वरातींत ऐन मांडवाच्या दारी बिजली बिथरली होती. बँडला भिते, असं काशिनाथने ठरवून टाकलं. आज नीट चालली तर ठीक, नाहीतर सकाळी डुमसचा गोपाल तिला विकत न्यायला टेम्पो घेऊन येणार होता. किनाऱ्यावर फेऱ्या मारायला त्याला घोडी हवीच होती.

वरात निघाली, ताराही बरोबर. चौकापर्यंत येईस्तोवर बिजलीचं मागे सरकणं सुरू झालं. वर नवरदेव दोन्ही हातांनी खोगीर धरून बसला.

"ए काका, घोडी गांडी छे के शुं?" घोडी वेडी आहे की काय, असं खालून त्याचा मामा गुजरातीत ओरडला.

काशिनाथ लगाम ओढतोय तोवर तारा पुढे घुसली आणि तिने दोन्ही बोळे उपसून काढले.

"काय करी राहिनी वं तू!" काशिनाथ खेकसला.

"तिला आवाजाचं भ्याव न्हाई, बाबा. गप झालं की भ्याव वाटतंय. तुमच्या तबेल्याच्या भिंतीपल्याड रात्रंदिस लूम चालत्यात, त्यातच वाढली ना ती! आमच्या पप्पाला बी सुट्टीच्या दिशी झोप लागत न्हाई."

बोळे निघाले, ढोल कानात शिरला आणि बिजली अशी चालू लागली, जणू वरात तिचीच.

खरी परीक्षा मांडवाच्या दारात होती. सासूबाई जावयाला पोंखायला, म्हणजे ओवाळून आत घ्यायला, आरतीचं ताट घेऊन आल्या आणि रिवाजाप्रमाणे बँड थांबला. बिजलीने कान टवकारले. पुढचा पाय उचलला. काशिनाथच्या डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहिला.

तारा टाचा उंचावून घोडीच्या कानाशी गेली. "खटाक्-खट, खटाक्-खट, खटाक्-खट..."

पाय खाली आला. बिजलीने डोळे अर्धे मिटले. घोडी ढिम्म राहिल्यामुळे नवरदेवही बिनघोर वाकला, आणि सासूबाईंनी गुजराती रीतीप्रमाणे त्याचं नाक असं कचकन ओढलं की मांडव हसून लोळला. मामाने खुशीने स्वतःच्या डोक्यावरचा लाल साफा काढून ताराला घातला. तो तिच्या भुवयांखाली उतरला, तरी तिचं खटाक्-खट थांबेना.

सकाळी तबेल्यापुढे टेम्पो उभा राहिला.

"ओ काशिनाथभाऊ! घोडी काढा बाहेर!"

काशिनाथ बिजलीला खरारा करत होता. मागे वळून बघायचीही त्याने तसदी घेतली नाही. गोपालने आणखी दोन हाका मारल्या, हॉर्न वाजवला, शेवटी वैतागून ताराला विचारलं, "म्हातारा बहिरा झाला का गं?"

लाल साफा सावरत तारा हसली.

काशिनाथच्या दोन्ही कानांत कालचेच बोळे होते.