नवा अप्पर

श्रीरंगने महिनाभर डोकेफोड करून रायफलसाठी पॉइंट टू-टूचा अप्पर निवडला होता; म्हणजे नळीसकट वरचा अर्धा भाग, जो खालच्या ट्रिगरवाल्या भागावर बसवला की त्याच रायफलमधून बारक्या गोळ्या सुटतात. जड नळी, हलकी दुर्बीण, सगळं मनासारखं. पण अमेरिकेतल्या ॲन आर्बरबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर सलग तिसऱ्या रविवारी पहिल्या गोळीनंतर ट्रिगर मेला. मॅगझिन बदलून झालं, गोळ्यांचे चार ब्रँड झाले. हा अप्पर त्याचा अंत पाहत होता.

"भिकार माल आहे यार, रिटर्न करतो," तो करवादला.

बरोबर आलेल्या नंदूने अप्पर काढून बाजूला ठेवला, खालच्या भागात ट्रिगरमागे चिमटा घातला आणि तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकू लागलेला.

दसऱ्याला श्रीरंगने दोन्ही भाग सुटे करून पाटावर मांडले होते. बायको, विनीता, 'नुसतं फूल वाहा' म्हणत असतानाही त्याने मूठभर अक्षता टाकल्या होत्या.

अप्पर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने तक्रारीच्या पहिल्याच फोनवर नम्रपणे विचारलं होतं, की आत काही पडलं तर नाही ना.

"माझ्याशिवाय त्या रायफलला कुणी हात लावत नाही," असं श्रीरंगने त्याला ठणकावून सांगितलं होतं.