तिसऱ्या मजल्यावरचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. रोहिदास नावाच्या कामगाराचा उजवा गुडघा. चिखलीत, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो.

माझा जन्म बीडकडच्या एका खेड्यात झाला. तेव्हा माझी वाटी हाडाची नव्हती. तान्ह्या बाळाच्या गुडघ्याची वाटी मऊ कूर्चेची असते. पोर रांगते, पडते, पळू लागते, आणि काही वर्षांत त्या कूर्चेचे हाड होते. रोहिदासची आई गोजाबाई त्याला पायांवर उताणे घेऊन न्हाऊ घालायची. तिच्या हाताची ऊब मला अजून आठवते.

माझ्या वर मांडीचे हाड आहे, साऱ्या अंगातले सर्वांत लांब. खाली नडगीचे हाड. पुढे झाकणासारखी वाटी. दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात आणि थोडे चिकट पाणी असते. चिवट अस्थिबंधांनी हे सारे बांधून ठेवलेले असते. मी बिजागरीचा सांधा, दारासारखा उघडतो आणि मिटतो. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. त्यांच्यासारखे चहूकडे फिरणे मला जमत नाही. पण माणूस पायऱ्या चढतो तेव्हा त्याचा भार मीच पेलतो.

रोहिदास चाकणच्या एका लहान कारखान्यात प्रेस मशीन चालवायचा. हाताने पत्रा ठेवायचा आणि उजव्या पायाने पेडल दाबायचे. शिफ्ट संपली की ओव्हरटाइम. सुपरवायझर म्हणायचा, "रोहिदासभाऊ, तुमचा पाय म्हणजे दुसरं मशीनच आहे राव!" मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पुढे मी कुरकुरू लागलो. मशीन कुरकुरले की वंगण घालायचे, एवढे रोहिदासला पक्के ठाऊक होते. त्याने कारखान्यातले गिअरचे तेल बाटलीत भरून आणले आणि मला खसाखसा चोळले.

त्याची बायको यशोदा नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, माणूस हाय का ट्रक? ह्या चादरी कोण धुणार?"

"तू बघच. सकाळी कसा पळतो ते."

तेल कातडीवरच राहिले. माझे वंगण सांध्याच्या आतल्या अस्तरात तयार होते, ते बाहेरून ओतता येत नाही. चोळण्याने ऊब मिळाली, दुखणे दबले आणि दवाखाना राहून गेला. आत कूर्चा झिजतच होती.

त्याच सुमारास गोजाबाई मुलाकडे राहायला आली आणि ओल्या मोरीत घसरली. तिचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण जिना उतरण्याचे बळ पायांत परत आले नाही. खाली इमारतीच्या ओट्यावर तिच्या गावाकडच्या बायका बसत. त्यांच्यात बसून शेंगा फोडाव्यात, गावाच्या गोष्टी कराव्यात, एवढेच तिला हवे असायचे. म्हणून रोहिदास दर रविवारी तिला पाठीवर घेऊन खाली न्यायचा.

बायका हसायच्या. "आली बघा गोजाबाईची मोटार!"

"पेट्रोल न लागणारी हाय," गोजाबाई ऐटीत सांगायची. "जळता काय गं?"

त्या पायऱ्यांवर मला फार दुखायचे. तरी रविवार मला आवडायचा.

एका रविवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या आत कट्कन आवाज झाला आणि मी दुमडलो. रोहिदासने एका हाताने कठडा धरला, आईला सोडले नाही. तसाच तो पायरीवर बसला. तो आवाज गोजाबाईने ऐकला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा एक्स-रे फोटो काढला. "कूर्चा फार झिजली आहे. आधी का नाही आलात?" त्यांनी व्यायाम सांगितले, पेडलचे काम आणि ओझे बंद करायला सांगितले. मग कारखान्याने रोहिदासला पॅकिंगला बसवले.

पुढच्या रविवारी तो आईसमोर पाठ करून बसला. "चल आई, हळूहळू जाऊ."

"नगं रे बाबा. खाली लई धूळ असती. आन् त्या बायांची तीच तीच गाऱ्हाणी. मला वरच बरं वाटतं."

रोहिदासला ते खरे वाटले. मला नाही वाटले. सुट्टीच्या दुपारी त्याचा डोळा लागला की गोजाबाई खिडकीच्या गजाला कान लावून बसायची. खालून हसण्याचा आवाज आला की तीही एकटीच हसायची.

थंडीत तिला छातीचे दुखणे झाले आणि ती गेली. जिना अरुंद, म्हणून तिला चादरीत उतरवायचे ठरले. रोहिदासने चादरीचे एक टोक धरले. शेजारचा सयाजी हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही राहू द्या. पाय दुमडला तर..."

रोहिदासने ते टोक सयाजीच्या हातात दिले. मग भिंतीला धरून, एकेक पायरी, तो आईच्या मागून उतरला.

मित्रांनो, झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही. तुमच्या घरी कोणाचा सांधा कुरकुरत असेल, तर त्यांना वेळेवर दवाखान्यात घेऊन जा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस वरच बसून असेल, तर खाली येता का म्हणून विचारा. ते नको म्हणाले, तरी पुन्हा एकदा विचारा.