सकाळचा पहिला हात

स्टुडिओचं शटर वर गेलं की फौजदारीणबाईंचा क्रम ठरलेला. केर काढायचा, गिऱ्हाइकाच्या स्टुलावरून फडकं फिरवायचं आणि मग प्रिंटरमधून एक हात बाहेर काढायचा. त्यांचा स्वतःचाच. बारा वर्षांपूर्वी काढलेला त्यांच्या उजव्या हाताचा फोटो कॉम्प्युटरात होता. तो रोज लहान कागदावर छापायचा, दारातल्या उजेडात न्यायचा आणि खऱ्या हाताशेजारी धरायचा. रंगाला रंग लागला की मगच पहिलं गिऱ्हाईक स्टुलावर.

त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते आता रेशनकार्डापुरतं उरलं होतं. "मान वर! खांदे खाली! हसायला कुणी सांगितलं?" असं त्या गिऱ्हाइकाला दरडावत, त्यावरून सगळी गल्ली त्यांना फौजदारीणबाई म्हणे. शाळा दुसरीत सुटलेली. कॉम्प्युटरवरची अक्षरं त्यांना वाचता येत नसत, पण कोणत्या कोपऱ्यातलं कोणतं चित्र दाबलं की काय होतं ते बोटांना पाठ होतं.

त्या सोमवारी बोटं गडबडली. चित्रं सगळी जागा सोडून बसली होती.

"सूनबाई! माझ्या डब्याला काय केलंस?"

सून आतून टॉवेलला हात पुसत आली. "आई, सांगितलं होतं ना काल. जुनी सिस्टीम बंद पडणार होती, म्हणून नवी घातली. आता बघा कसा भरभर चालतो."

"चालतो कुठे, पळतोय. माझा हात काढून दे आधी."

सुनेने हाताचा फोटो उघडला, छापायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन उमटला. तिने तो दोनदा वाचला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, प्रिंटर सापडत नाही."

फौजदारीणबाईंनी प्रिंटरकडे पाहिलं. काळा, जड, मागचा ट्रे रबरबँडने आवळलेला. त्या त्याला काळ्या म्हणत. तो कॉम्प्युटरपासून वीतभर अंतरावर बसला होता. "एवढं धूड दिसत नाही त्याला? डोळे तपासून घे म्हणावं."

तेवढ्यात दारात एक बाई आली. पांढरा ड्रेस, खांद्याला पिशवी, पलीकडच्या दवाखान्यातली नर्स. तिच्या डाव्या गालावर ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. तिने पिशवीतून आठ फोटो काढून काउंटरवर मांडले. चेहरा तिचाच, पण गुळगुळीत आणि गोरा. डाग कुठेच नव्हता.

"मावशी, हे कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात काढले. दोनदा काढले. तिथलं मशीन आपोआपच चेहरा उजळतं. समोरच्या कचेरीत परदेशातल्या नोकरीचा फॉर्म द्यायचाय, तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, हा फोटो तुमचा नाही. दोनदा परत पाठवलं. आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होते."

"बरोबर बोलला तो. ही तू नाहीस, तुझी मावसबहीण आहे," फौजदारीणबाई म्हणाल्या. "बस स्टुलावर. मान वर."

सुनेने मागून पदर ओढला. "आई, प्रिंटर..."

"खांदे खाली, पोरी. अशीच बस. हं, झालं. ड्युटी कधी संपते तुझी?"

"चारला."

"साडेचारला ये. फोटो तयार असतील."

नर्स गेली आणि सून कपाळाला हात लावून उभी राहिली. "तुम्ही शब्द कशाच्या जोरावर दिलात?"

"तोंडाच्या. आता हाताला लाग."

सुनेने वायर काढली, लावली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत येत होता. "वहिनी, ते मॉडेल आता कंपनीसुद्धा ओळखत नाही. भंगारात द्या, नवा घ्या."

फौजदारीणबाईंनी फोन हिसकावला. "अरे, तुलाही पाठीत कळ येते, वर्षभर ऐकतेय मी. तुला दिलं का कुणी भंगारात?" आणि फोन सुनेच्या हातात परत कोंबला.

मग त्यांनी काळ्याची कॉम्प्युटरकडची वायर उपटली, कागद घालायचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि तसंच विजेचं बटण सुरू केलं. काळ्या कण्हला, खाकरला आणि त्याने एक कागद बाहेर सोडला. त्यावर निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या रेघांची जाळी होती. कुठे खंड नाही.

"बघ. धडधाकट आहे. ओळख विसरलाय तो तुझा डबा."

"मग त्याला ओळख करून द्यायला जुनी सीडी लागेल. ती कुठली आता?"

सीडी शिवणाच्या डब्यात निघाली, बटणांच्या खाली. तिच्यासोबत चित्रांचा एक घडी घातलेला कागदही होता. सुनेने वायर परत लावली आणि सीडी घातली. पडद्याने पुन्हा चौकोन दाखवला: हा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमसाठी आहे, इथे चालणार नाही. सुनेचं तोंड उतरलं. मग ती बराच वेळ कसलीतरी यादी वरखाली करत राहिली.

"एक करता येतं," ती हळूच म्हणाली. "प्रोग्रॅमला सांगायचं, की हा जुनाच कॉम्प्युटर आहे."

"म्हणजे थाप मारायची?"

"तसंच."

"मग मार की! माहेरी जाताना दोन दिवस म्हणून आठ दिवस राहतेस, तेव्हा नाही अडखळत."

सून हसू दाबत कामाला लागली. प्रोग्रॅम थापेला भुलला, पट्टी हिरवी होत निम्म्यावर आली आणि तिथेच थांबली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा निम्म्यावर. तिसऱ्यांदा तेच झालं तशी सून खुर्चीत मागे टेकली. "नाही होत, आई. अडीच वाजले. फोटोची फाइल त्या कोपऱ्यावरच्याकडे पाठवते, त्याला सांगू उजळू नको म्हणून."

"त्याच्या मशीनला त्याचा बाप सांगून थकला असेल. हा कागद काय म्हणतो?"

"ते पाहिलंय मी, अक्षरं पुसलीत त्यावरची."

"अक्षरं जाऊ देत. चित्रं आहेत ना." फौजदारीणबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. पहिल्या चित्रात प्रिंटर होता आणि वायरवर भली मोठी फुली. दुसऱ्यात सीडी, वायरवर फुली. तिसऱ्यातही फुली. शेवटच्या चित्रात मात्र वायर आणि तिच्याशेजारी बाण. "अगं, ही वायर शेवटी लावायची आहे. तू सुरुवातीपासून खुपसून बसलीस."

सुनेने वायर काढली. पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली, मग वायर लावायला सांगितलं गेलं. ती लावताच काळ्याने दिवा मिचकावला. "सापडला!" सून ओरडली.

"हरवला कधी होता?" फौजदारीणबाई म्हणाल्या, पण काळ्याच्या झाकणावर त्यांनी दोनदा थोपटलं.

हाताचा फोटो छापला. शेंदरात बुडवून काढल्यासारखा हात बाहेर आला.

"रंगाची मापं गेली," सून म्हणाली. "लाल, निळं, पिवळं किती ठेवायचं ते पुन्हा घालायला हवं."

"त्यात काय. झाकणाच्या आत लिहिलंय." फौजदारीणबाईंनी झाकण उचललं. प्रत्येक रंगाला किती घरं सरकवायचं, त्या हिशेबाने त्यांनी आत नेलपॉलिशने रेघा ओढून ठेवल्या होत्या. आत आता एकही रेघ नव्हती. प्लास्टिक लख्ख चमकत होतं.

सुनेने जीभ चावली. "मी... काल स्पिरिटने... मला वाटलं, मुलांनी कधीतरी रेघोट्या मारल्या असतील."

फौजदारीणबाईंनी तोंड उघडलं. जिभेवर बरंच काही आलं होतं. समोरच्या कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. त्यांनी तोंड मिटलं. "नंतर बोलेन. साठवून ठेवलंय. घाल कागद."

लाल दोन घरं खाली, हात छापला, दारात धरला. पिवळं एक घर वर. पुन्हा दारात. सातव्या कागदावर छापील हात खऱ्या हाताला लागला. "छाप नर्सला," त्या म्हणाल्या.

नर्सचा चेहरा बाहेर आला तो कावीळ झाल्यासारखा, आणि डाग मातकट होऊन गालात विरला होता.

"आई," सून चाचरत म्हणाली, "रागावू नका. फोटोतला हात बारा वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हाचा हात आत्ताच्या हाताला जुळवायला गेलो, तर रंग बिघडणारच."

फौजदारीणबाईंनी आपला हात उलटा केला. ठिपके, शिरा, सैल पिवळट कातडी. रोज सकाळी तो फोटोशेजारी धरत होत्या आणि रोज जुळतो म्हणत होत्या. जुळत तर नव्हताच, बरीच वर्षं. मापं बरोबर होती म्हणून खपून गेलं होतं.

"पुढचं बोल," त्या करड्या आवाजात म्हणाल्या.

"नवा फोटो काढू हाताचा. आत्ताचा."

"काढू. कॅमेरा मी धरणार. म्हणजे हात तुझा." त्यांनी सुनेचं मनगट धरून तिला स्टुलावर बसवलं आणि हात पालथा केला. बोटांच्या मागे इस्त्रीचा जुना डाग होता, नखाएवढा, फिकट. याच डागावरून, फोनवर बोलत इस्त्री करतेस म्हणून, त्यांनी सुनेला महिनाभर बोलून घेतलं होतं. "हा दिसला पाहिजे. हा दिसला तर नर्सचा दिसेल. बोटं सैल सोड. फाशी नाही देत तुला."

चार वाजून गेले. सून मापं सरकवत होती, फौजदारीणबाई कागद घेऊन दाराशी आणि परत अशा फेऱ्या घालत होत्या. पाचव्या फेरीत त्यांनी कागद सुनेच्या हाताशेजारी धरला, तिरका केला, सरळ केला. इस्त्रीचा डाग दोन्हीकडे तसाच होता, कडेला किंचित गुलाबी.

"हात हलवू नकोस," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "हं. छाप."

साडेचारला नर्स धापा टाकत आली. काउंटरवर आठ चेहरे ओळीने वाळत होते. तिने एक उचलला. गालावरून बोट फिरवलं, आधी फोटोतल्या, मग स्वतःच्या. "हीच मी," ती म्हणाली.

"नंतर बघत बस. पळ!"

नर्स रस्ता ओलांडून कचेरीत शिरली. त्या दोघी दाराच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पावणेपाच झाले. कुणी चहा टाकायचं नाव काढलं नाही. फोटो नाकारला असता, तर ती एव्हाना परत आली असती. पाचला पाच कमी. पाच. समोरच्या खिडकीची लाकडी फळी धाडकन खाली आली, आणि बाजूच्या दारातून नर्स बाहेर पडली. हातात शिक्का मारलेली पावती उंच धरलेली. ती गाड्यांमधून ओरडली, "मावशी, घेतला! त्याने वरसुद्धा पाहिलं नाही!"

"पाहायला हवं होतं," फौजदारीणबाई पुटपुटल्या. "एवढा चांगला फोटो."

आत येऊन त्यांनी नेलपॉलिशची बाटली शोधली, झाकण उचललं आणि नव्या मापांच्या रेघा ओढल्या. मग बाटली सुनेपुढे सरकवली. "शेजारी तुझे आकडेही लिही. आणि खाली लिही, पुसू नये. मला वाचता येत नाही, तुला येतं."

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं, केर निघाला, स्टुलावरून फडकं फिरलं.

"सूनबाई! पोळ्या राहू देत. ये आधी, हात घेऊन ये!"