पंख्याची चौकशी

“तीन नंबरवर करा,” मी म्हणालो.

नागेशने बटण फिरवले. टेबल फॅनने मान डावीकडे वळवली, मग सावकाश उजवीकडे. उजवीकडे जाताना जाळीतून खडखड आली. मी कान पुढे केला.

“सर, आज वही न्हाय आणली?” नागेशने विचारले.

“आणलीय.” पिशवीत होती. काढली नव्हती.

बारामतीतल्या या दुकानात मी वीस वर्षे येतो. आमच्या इंदापुरात वस्तू मिळत नाहीत असे नाही. पण इंदापुरात बघायचे, बारामतीत बघायचे, ज्यांच्या घरात ती वस्तू आहे अशा चार जणांना विचारायचे, माहितीपत्रक घरी नेऊन वाचायचे, ही माझी पद्धत. नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. छापलेले काही दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. छत्री, शाईचे पेन, प्रेशर कुकर, दाढीचा ब्रश, प्रत्येकाला वहीत एक पान आहे. मधे उभी रेघ, एका बाजूला चांगले, दुसऱ्या बाजूला वाईट. लोक हसतात. पण शेगडी घ्यायची झाली की तेच लोक माझ्याकडे येतात. हे सांगताना मला थोडा अभिमान वाटत असे.

नागेश माझ्या मुलीकडे, इफ्फतकडे वळला. “ताई, तुमच्या अब्बांनी मिक्सर घेताना सात खेपा घातल्या माझ्या दुकानात. सातव्या खेपेला मी म्हणलं, सर, मिक्सरचं लगीन लावायचंय का काय? एवढी चौकशी तर आमी पोरगी देताना बी करत न्हाय!”

तो हसला. इफ्फत हसली नाही, रागावलीही नाही. फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. नागेशला काही ठाऊक असायचे कारण नव्हते. मी खाली वाकून पंख्याच्या बुडाला चिकटवलेले लेबल वाचू लागलो. किती वॅट, कुठे बनवला, कोणत्या महिन्यात. दोनदा वाचले.

इफ्फतच्या लग्नाच्या वेळीही वहीत पाने भरली होती. सहा.

भिगवणच्या मुजफ्फरचे स्थळ आले त्याला आता पाच वर्षे होतील. त्यांची मासळीची अडत. थोरले दोघे भाऊ लिलाव पुकारायचे आणि मुजफ्फर कडेला बसून हिशेब लिहायचा. अक्षर वळणदार होते. मला तिथेच तो आवडला असावा. तरी मी भिगवणला तीन खेपा केल्या. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारले, मशिदीत दोन वयस्कर माणसांना विचारले, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारले. शेवटी त्यांच्या घराला लागून राहणाऱ्या गेणबा नावाच्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसलो. शेजारच्याला सगळे ठाऊक असते, असा माझा अनुभव होता.

“पिणं वगैरे?”

“न्हाय.”

“घरात भांडणं? आरडाओरडा?”

“सर, भिंतीला भिंत हाय आमची. पर आजवर पलीकडनं आवाज न्हाय आला बगा. पोरगं लई शांत.”

हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवले. चांगले, या बाजूला. खाली दोन रेघा ओढल्या.

मुलगा बघून परत येताना एसटीत माझी बायको सुरैय्या म्हणाली, “तुमच्यासारखाच हाय.” मला बरे वाटले होते. असे म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती, असे आता आठवते. खरेच आठवते की हे मी मागाहून जोडले आहे, ते सांगता येणार नाही.

गेणबा खोटे बोलला नव्हता. कोणीच खोटे बोलले नव्हते. मुजफ्फरने कधी हात उचलला नाही. कधी पिऊन आला नाही. तो फक्त तिच्याशी बोलत नव्हता. ताट आले की जेवायचा, काही हवे असले तर बोटाने दाखवायचा, झोपायचा. पहिल्या वर्षी इफ्फतला वाटले, लाजत असेल. दुसऱ्या वर्षी वाटले, आपले काही चुकले असेल. तिने माफी मागितली. कशाची, ते तिलाही माहीत नव्हते. त्याने ऐकून घेतले आणि कूस बदलली. जावा म्हणायच्या, अगं तो हायच तसा, नशीब समज.

माहेरी आली की सुरैय्या तिला स्वयंपाकघरात विचारायची.

“मारतो का?”

“न्हाय.”

“खायाप्यायचं कमी हाय?”

“न्हाय.”

“मग?”

इफ्फत भांडी पुसायला घ्यायची. मी बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचो. मला सगळे ऐकू यायचे.

चार वर्षांनी, या फेब्रुवारीत ती बॅग घेऊन आली ती परत गेली नाही. दोन्हीकडची माणसे बसली, तलाकचे कागद झाले. त्या बैठकीतही मुजफ्फर काही बोलला नाही. आता ती इंदापुरात एका दातांच्या दवाखान्यात जाते. बाहेर बसलेल्या पेशंटची नावे पुकारायची, आत सोडायचे, असे काम आहे. पहिल्या पगारात तिला तिच्या खोलीसाठी पंखा घ्यायचा होता.

ती आल्यापासून मी तिच्याशी काय बोललो ते मोजता येईल. जेवलीस का. लाईट गेली. दार लावून घे. मला एकच वाक्य बोलायचे होते, चूक माझी झाली. लहान वाक्य आहे. वहीत लिहूनसुद्धा पाहिले. ती म्हणाली, “अब्बा, पंखा बघायला चलता का?” तेव्हा मला वाटले, एसटीत बोलता येईल. एसटीत ती खिडकीशी बसली. मी बारामती येईपर्यंत पंख्यांचे माहितीपत्रक वाचले.

लेबल वाचून झाले. मी सरळ उभा राहिलो. “जाळीत खडखड आहे,” मी नागेशला म्हणालो. “दुसरा दाखवा.”

त्याने दुसरा लावला. याची चौकशी मी आधीच करून वहीत लिहिली होती. पाती फिरायला लागली आणि वारा आला. आवाज नाही. मी तळहात धरून पाहिला, मागून मोटरीवर बोट ठेवून पाहिले.

“ह्यो घ्या सर,” नागेश म्हणाला. “पाळण्यातलं पोर उठायचं न्हाय. चालू हाय का बंद, कळत बी न्हाय.”

“हा चांगला आहे,” मी म्हणालो.

“पहिला लावा परत,” इफ्फत म्हणाली.

नागेशने पहिला लावला. मान डावीकडे, मान उजवीकडे, खडखड. इफ्फतने डोळे मिटले होते. तीन-चार फेऱ्या तिने तशाच ऐकल्या.

“हा द्या.”

“ताई, त्यो दाखवायचा पीस हाय. वरीसभर हितंच चालवलाय. त्यातलाच पॅक काढून देतो की, खडखड न्हाय व्हायची.”

“हाच द्या.”

“आवाज येतोय, इफ्फत,” मी म्हणालो.

“येऊ दे, अब्बा.” मग पंख्याकडेच बघत ती म्हणाली, “एकदम शांत झालं की झोप न्हाय लागत मला.”

नागेश माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी म्हणेन, पोरीला समजावेन, असे त्याला वाटले असावे. मी पिशवीत हात घालून वही जागेवर आहे का ते चाचपले.

“बांधा,” मी म्हणालो.

खोके नव्हते. त्याने पंखा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधली. मी मागितले म्हणून माहितीपत्रक तेवढे शोधून दिले. येताना पंखा इफ्फतच्या मांडीवर होता. ते वाक्य परतीच्या वाटेवरही बोलून झाले नाही.

घरी सुरैय्याने बटण दाबले आणि कमरेवर हात ठेवले. “एवढे शहाणे गेले आन खुळखुळा घेऊन आले! अवो, पेचकस घ्या की. जाळीचा स्क्रू ढिला हाय, मला आंधळीला दिसतोय.”

“राहू दे.”

“राहू दे? तुमी म्हणताय?”

“राहू दे तसाच.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा इफ्फतच्या खोलीकडे. मग ती स्वयंपाकघरात गेली.

रविवारी दुपारी सुरैय्या बहिणीकडे गेली होती. इफ्फतला सुट्टी होती. ती आतल्या खोलीत चटईवर पडली होती, दार अर्धे लोटलेले. पंखा खडखडत होता. मी बाहेर खुर्चीत बसून माहितीपत्रक फायलीला लावण्यासाठी त्याला भोके पाडत होतो. अडीचच्या सुमारास लाईट गेली. खडखड विरळ झाली, एकेक वेगळी ऐकू आली आणि थांबली.

घरात काहीही ऐकू येत नव्हते. रस्त्यावरही कोणी नव्हते. मग आत चटई वाजली. ती उठून बसली असावी.

आता बोलायला हरकत नव्हती. घरात आम्ही दोघेच होतो. मी तोंड उघडले. पहिला शब्द कोणता ते मला माहीत होते. तो आला नाही. हातात माहितीपत्रक होते.

“पंखा वापरण्यापूर्वी,” मी वाचले. मोठ्याने वाचायची सवय मला कधीच नव्हती. “पंखा वापरण्यापूर्वी या सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात. पंखा सपाट जागेवर ठेवावा. ओल्या हाताने बटणाला स्पर्श करू नये.”

मी थांबलो.

“अब्बा?” आतून आवाज आला.

“हं.”

“काय करताय?”

“वाचतोय.”

मला वाटले, दार लावून घेईल.

“मग थांबलात का?”

मी चष्मा पुसला. “पडदे, कपडे इत्यादी वस्तू पंख्यापासून दूर ठेवाव्यात,” मी पुढे वाचले. साफसफाई झाली. तेल कुठे सोडायचे ते झाले. आत पुन्हा चटई वाजली, ती आडवी झाली असावी. हमी कशाची आहे ते वाचले, कशाची नाही ते वाचले.

मराठी दोनच पाने होती, ती संपली. लाईट आली नव्हती. मी पान उलटले आणि हिंदी वाचायला घेतले.