मला गाणं आवडत नाही

मला शास्त्रीय गाणं आवडत नाही. बेचाळीस वर्षं गवयाच्या घरात राहून मी हे सांगते, त्यामुळे लोकांना ती थट्टा वाटते. हसतात, "काकू, तुम्ही पण ना" म्हणतात आणि विषय बदलतात. एका बाईंनी तर मला समजावलं की हे माझं मत नाही, हा थकवा आहे. थकवा कसला? मी रोज दुपारी मस्त झोपते.

आमचं घर बनशंकरीत, दुसऱ्या मजल्यावर. माझे यजमान शरच्चंद्र हुक्केरीकर एका सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात होते. नोकरी सांभाळून गायले आणि निवृत्तीनंतर घरीच शिकवायला लागले. आम्ही दोघंही निपाणीकडचे. लग्नानंतर बेंगळुरूला आलो ते इथलेच होऊन गेलो. शेजारी मला अक्का म्हणतात, विद्यार्थी काकू म्हणतात, आणि समारंभात माझी ओळख 'गुरुजींच्या यशामागचा हात' अशी करून देतात. त्या वाक्याने माझं डोकं फिरतं. माझे दोन्ही हात पोळपाट-लाटण्यावर असायचे, यशामागे जाऊन धरायला मोकळे कधी होते?

एक ओळ सांगायला पाऊण तास लागू नये, असं माझं मत आहे. वाद्यं घरून जुळवून आणावीत. सकाळचा राग सकाळीच गायला हवा म्हणून जे हट्ट धरतात, त्यांनी निदान सकाळी वेळेवर यावं. आणि मला बँड आवडतो. निपाणीला वरातीत वाजायचा तो, लाल कोटातला, क्लॅरोनेटवाला सगळ्यांच्या पुढे. सुरू होतो, दणक्यात वाजतो आणि संपतो. हे मी एकदा आमच्याकडे बैठकीला आलेल्या एका जाणकारांना सांगितलं, तर त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

यजमानांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर गाऊन "कसं झालं?" विचारलं, तेव्हा मी "लांबलं" म्हणाले होते. ते खूप हसले. "तुला गाण्यातलं काही कळत नाही," म्हणाले. तेव्हापासून आमची रीत ठरून गेली. ते गायला बसले की मी स्वयंपाकघरात जाते. गाणं संपलं की ते पाणी प्यायला आत येतात, "कसं झालं?" विचारतात, मी "बरं झालं" म्हणते, आणि मग कसं झालं ते तेच मला सांगत बसतात.

गेल्या दसऱ्याला त्यांना खोकला झाला, तो महिनाभर हटला नाही. खोकला गेला, पण जाताना आवाजाचं काहीतरी बिघडवून गेला. गाण्याचा दुसरा भाग असतो, अंतरा, तो वर चढत जातो आणि वरच्या सा वर टेकतो. तिथे पोचलं की त्यांचा आवाज चिरकायला लागला. मी आत कोथिंबीर निवडत असायचे, तरी मला ऐकू यायचं. त्यासाठी गाणं कळावं लागत नाही. कुकरची शिट्टी बिघडली की घरात सगळ्यांना कळतं, तसंच ते होतं.

त्यांना मात्र कळत नव्हतं. गाताना त्यांना बहुतेक आपला जुनाच आवाज ऐकू येत असावा. स्वतःचं रेकॉर्डिंग ते कधीच ऐकत नाहीत. आरशात बघत जेवण्यासारखं आहे ते, म्हणतात.

आता राहिले विद्यार्थी. त्यांतला मल्हार सगळ्यात भाविक. पुण्याचा, एचएसआर लेआउटमध्ये राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गुरुजी करतील ते हा करणार. त्यांना तान घेण्याआधी डावा कान ओढायची सवय आहे, तर हाही ओढतो. खोकल्याच्या दिवसांत ते गायच्या आधी दोनदा खाकरायचे. त्यांचं खाकरणं थांबलं, याचं अजून चालू आहे, आणि त्याचं बघून इलेक्ट्रॉनिक सिटीहून येणारी स्वानंदीही खाकरते. एका रविवारी मी दोघांनाही तुळशीचा काढा दिला. दोघांनी तो प्रसादासारखा घेतला.

वरचा सा पहिल्यांदा चिरकला तेव्हा बाहेर मल्हार मोठ्याने "आहा" म्हणाला आणि स्वानंदीने डोळे पुसले. संध्याकाळी यजमान फोन घेऊन माझ्याकडे आले. मल्हारने ग्रुपवर लिहिलं होतं की गुरुजींच्या तुटत्या स्वरात आज जी आर्तता होती, ती अख्खं आयुष्य गाण्याला दिल्याशिवाय येत नाही. खाली हात जोडलेली चित्रंच चित्रं.

"आर्तता म्हणतोय," ते म्हणाले. खूश होते.

"हं," मी म्हटलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. घरातल्या घरात कुणी काय म्हणायचं ते म्हणावं. पण जानेवारीत त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि विद्यार्थ्यांनी जवळचाच एक हॉल ठरवला. रविवारी सकाळी गुरुजींचं गाणं, राग तोडी, दीड तास. पत्रिका गेल्या. धारवाडहून, पुण्याहून जाणकार येणार म्हणून कळलं. तेव्हा मला भीती वाटायला लागली.

त्याला कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका म्हाताऱ्या बुवांच्या गाण्याला गेलो होतो. बुवांचा आवाज साफ गेलेला. पुढच्या रांगेतली माणसं माना डोलवत होती आणि मागच्या रांगेतली एकमेकांकडे बघत होती. आम्ही मागच्या रांगेत होतो. घरी परतताना यजमान वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, "याच्या घरात सांगणारं कुणी नाही का?"

ते वाक्य मला आता दिवसरात्र ऐकू यायला लागलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी यांच्यावर डोळे मिचकावलेले मला सहन झाले नसते. पण सांगायला गेले तर "तुला गाण्यातलं काय कळतं" हे उत्तर तयारच होतं, आणि ते मला या वेळी ऐकायचं नव्हतं. म्हणून मी मल्हारला जिन्यात गाठलं.

"त्यांना म्हणावं, जरा खालच्या सुरातच गा. वर त्रास होतोय."

मल्हार माझ्याकडे असा बघायला लागला, जसे काही मी देव विकायला काढलेत.

"काकू, प्लीज, असं कुणासमोर बोलू नका. तो सा म्हणजे त्यांची साधना आहे. आम्ही सगळे तोच शिकायचा ट्राय करतोय."

तो असं का म्हणाला, ते पुढच्या रविवारी कळलं.

मी स्वयंपाकघरात अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसले होते. थंडीत इथे घरोघर त्यांच्या शेंगांचे ढीग असतात. बाहेर मल्हार तोडीचा अंतरा गात होता. चढत चढत वर गेला आणि वरच्या सा वर त्याचा आवाज चिरकला.

"परत घे," यजमान म्हणाले.

त्याने परत घेतला. परत तिथेच चिरकला, हुबेहूब.

"अरे, तुझा गळा तरुण आहे. तिथे चिरकतोस का?"

"चिरकलो नाही गुरुजी," मल्हार म्हणाला. आवाजात अभिमान होता. "तुम्ही घेता तसा घेतला. दोन महिने झाले, रोज प्रॅक्टिस करतोय. आता कुठे जमायला लागलाय."

बाहेर तानपुरा तेवढा वाजत राहिला. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"स्वानंदी, तू घे," ते म्हणाले. स्वानंदीनेही घेतला. तिचाही चिरकला, बाईच्या आवाजात.

"मी असा घेतो?"

दोघंही एकदम बोलायला लागले. ती आर्तता आहे गुरुजी, तो स्वर लावायचा वेगळा ढंग आहे, लोक त्यासाठीच येतात. ते ऐकून घेत होते की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने म्हणाले, "सरी, ठीक आहे. आज इथेच थांबू."

दोघं गेले. यजमान आत आले. पाणी घेतलं नाही. एरवी मला 'अगं' म्हणतात, त्या दिवशी नावाने हाक मारली.

"सुचेता, माझा वरचा सा लागत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या खोकल्यापासून."

ते स्टुलावर बसले. पंचाहत्तरीचा माणूस मला पहिल्यांदाच पंचाहत्तरीचा दिसला.

"तू बोलली नाहीस."

"मला गाण्यातलं काय कळतं? तुम्हीच म्हणता." हे फार कडू निघालं. पण निघालं ते बरं झालं, कारण त्यामागचं बाकीचंही मग सरळ बाहेर आलं. "तुम्हाला बघून मागच्या रांगेत लोक हसतील, ते मला बघवणार नाही. आणि मी सांगितलं आणि तुम्ही गाणंच सोडलंत, तर तुमचं काय होईल याचीही भीती वाटत होती. दोन्हीकडून अडकले होते."

 त्यांनी सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, त्यामुळे दाणे जमिनीवर पडत होते.

"त्या बुवांच्या गाण्याहून येताना मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

"आठवतं."

"कार्यक्रम रद्द करायला सांगतो."

"रद्द कशाला? जिथवर आवाज जातो तिथवर गा. गुडघे दुखतात म्हणून तुम्ही गच्चीवर जात नाही. घरात फिरताच ना?"

"अंतऱ्याशिवाय ख्याल होतो का?"

"मला काय विचारता? मला तो तेवढाही लांबच वाटतो."

ते हसले. फार नाही, पण हसले.

पुढचे दिवस ते सकाळी एकटेच बसायचे, खालच्या सुरांत. विद्यार्थ्यांमध्ये अशी समजूत पसरली की काकूंनी गुरुजींना खचवलं. मल्हार एकदा पायपुसण्यावर उभा राहून मला म्हणालाच, "काकू, त्यांचा कॉन्फिडन्स गेला हो."

"त्यांचं ते बघतील. तू तुझा सा सरळ लाव. आणि खोकला नसताना खाकरत जाऊ नकोस."

कार्यक्रमाच्या दिवशी मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. हॉल भरला होता. यजमान पांढरा सदरा घालून बसले, मागे तानपुऱ्यांवर मल्हार आणि स्वानंदी. त्यांनी कुठलीही घाई न करता खालचे सूर लावले. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, पण कुठे हलत नव्हता. मी सवयीने घड्याळ बघितलं आणि नंतर बघायचं विसरले. अंतरा आला तेव्हा त्यांनी मागे न बघता डावा हात मल्हारकडे वळवला. मल्हारचा चेहरा उतरला. गाणाऱ्याने असा हात केला की मागे बसलेल्याने गायचं असतं. त्याने सुरुवात केली, वर गेला आणि सा लावला. सरळ लावला. यजमानांनी मान हलवली, पुन्हा खालून ओळ उचलली आणि पाऊण तासात तोडी संपवली. दीड तासाच्या जागी पाऊण तास, आमच्या घराच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

नंतर उप्पिट्टू आणि कॉफी होती. लोक माझ्याजवळ येऊन हळहळत होते. गुरुजी आज रंगात नव्हते. ती पूर्वीची आर्तता दिसली नाही. वय होतंच, चालायचंच. धारवाडहून आलेले एक जाणकार म्हणाले, वरचा सा शिष्याला द्यायला नको होता, लोक तेवढ्यासाठी येतात. मी सगळ्यांना कॉफी गार होतेय म्हणून सांगितलं.

हार, शाली पिशव्यांत कोंबून आम्ही रिक्षात बसलो. मल्हार कारने सोडायला तयार होता, पण यजमान नको म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

विचारून ते नेहमीसारखे स्वतःच सांगायला लागले नाहीत. माझ्याकडे बघत थांबले. मला एकदम रडायला आलं, तेही मी रिक्षातल्या धुळीवर ढकललं.

"हॉलच्या मागे स्वयंपाकघर होतं," मी म्हटलं. "आल्या आल्या बघून ठेवलं होतं."

"मग?"

"गेले नाही."

 त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "स्वल्प निधान होगप्पा." म्हणजे, जरा सावकाश जा रे. एरवी मी म्हटलं असतं, कशाला सावकाश, घरी कामं पडलीत. मी पिशवी मांडीवर घेतली आणि मागे टेकून बसले.