खिळ्यावरची चावी

"पक्कड खाली ठेवा, मोठे बाबा," मी म्हणाले.

माझा आवाज इतका सरळ निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. अकरावीत गेल्यापासून तो अधूनमधून असा निघतो, आणि निघाला की मला फार आवडतो.

मोठे बाबांनी पक्कड खाली ठेवली नाही. आईच्या स्कूटरच्या कुलपात चावी अर्धी शिरून अडकली होती. तिचं डोकं त्यांनी पकडीत धरलं होतं. अजून एक पीळ, की चावी आतच मोडणार.

"तू बाजूले हो. तुले काय समजते गाडीतलं?"

"मोडली तर सीट उघडणार नाई. सीटखाली टपाल आहे."

आई सानगडीच्या पोस्टात डाकसेवक आहे, अकरा वर्षांपासून. दुपारी थैली घेऊन निघते, घरी उभ्या-उभ्या दोन घास खाते आणि तलावापलीकडच्या टोल्यांवर, लहान-लहान वस्त्यांवर, वाटायला जाते. स्कूटर तिनं स्वतःच्या पगारातून घेतली. त्या गाडीला एकच कुलूप. चावी एका बाजूला फिरवली की गाडी सुरू होते, दुसऱ्या बाजूला फिरवली की सीट उघडते. कुलूप बसलं, म्हणजे गाडीही गेली आणि टपालही आत कोंडलं. अकरा वर्षांत एकही पत्र आमच्या घरी मुक्कामाला राहिलेलं नाही. आई हे कुणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

आणि आजच्या टपालात हर्षाचं रजिस्टर पत्र होतं. हर्षा पलीकडच्या टोलीतली. अंगणवाडीच्या जागेसाठी तिनं अर्ज केलाय. महिनाभर ती रोज रस्त्याला येऊन उभी राहायची. "काकू, माझं आलं काय?" उद्या सकाळी अकरा वाजता भंडाऱ्याला कागदपत्रं तपासणार होते, आणि हे पत्र सोबत नसेल तर आत घेणार नव्हते. आईनं सकाळी पोस्टातूनच तिला फोन केला होता, "आणून राहिली मी. घरीच राय."

आई दारात उभी होती. डोक्यावर पदर, तोंड माझ्याकडे.

"मोना, मोठे बाबाले म्हण, हात नका लावू. राजकुमार मिस्त्रीले बोलावलं आहे."

आई मोठे बाबांशी बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. भैय्यालाल, म्हणजे मोठे बाबा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी थेट बोलायचं नाही. बाबा धानाच्या मळणीचं मशीन घेऊन महिना महिना गावोगाव फिरतात, म्हणून त्या दोघांच्या मधे मी. चार वर्षांची होते तेव्हापासून. मोठे बाबाले सांग, जेवण वाढलं. मायले सांग, चहा मांड. दोघं हातभर अंतरावर उभे असतात, दोघांनाही सगळं ऐकू येतं, तरी मी निरोप पोहोचवायचा. आईला त्याचा पगार तरी मिळतो.

"मायले सांग," मोठे बाबा म्हणाले, "बाईच्या हातात गाडी दिली का असंच होते. दाबली असन चावी खसाखस."

हे मी पोहोचवलं नाही. माझं डोकं तापलं होतं, आणि का तापलं होतं ते मला नीट माहीत होतं.

गाडीची चावी आमच्या ओसरीतल्या खिळ्याला टांगलेली असते. खिळ्यावरची वस्तू घराची, हा मोठे बाबांचा नियम. त्यामुळे मळणी सुरू झाली की रोज संध्याकाळी ते न विचारता चावी उचलतात आणि स्कूटर खळ्यावर नेतात. तिथे हवेत नुसता भुसा. तो कुलपात जाऊन चावी कडक फिरायला लागली. मागच्या मंगळवारी आईनं माझ्यामार्फत तेवढंच कळवलं होतं, की गाडी खळ्यापासून जरा दूर उभी करा. त्यावर मोठे बाबा स्वयंपाकघरात गेले, जवसाच्या तेलाची बाटली आणली आणि कुलपात धार धरली. "पाय, लोण्यावानी फिरते का नाई." तीन-चार दिवस फिरली खरी. आज अर्ध्यात बसली.

राजकुमार सायकलवरून आला. त्यानं मोठे बाबांच्या हातातून पक्कड काढून घेतली, अगदी गोडीनं, लहान पोराच्या हातून विळा काढून घेतात तशी. कुलपाला नाक लावलं. बोट फिरवून पाहिलं.

"जवसाचं तेल कोणं टाकलं यात?"

त्यानं बोट पँटला पुसलं.

"सुतार लाकडाले लावतेत हे तेल. सुकलं का चिक्कट होऊन घट्ट बसते. त्यात भुसा. आत पुट्टी भरल्यावानी झालं. कुलूप गेलं समजा, काकू."

मोठे बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "बायकायनंच टाकलं असन. सैपाकघरातलं तेल कोणाच्या हाती रायते?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी थोडी वाट पाहिली. निरोप आला नाही, तरी मी पोहोचवला.

"तेल तुमी टाकलं, मोठे बाबा. मागच्या मंगळवारी. हात पुसाले फडकं नव्हतं, तर या खांबाले पुसले. डाग आहे पाहा अजून."

राजकुमारनं खांबाकडे पाहिलं. डाग पिवळा होता आणि त्याला भुसा चिकटला होता.

"लई शिकली तू," मोठे बाबा म्हणाले. "शाळेत हेच शिकवतेत काय?"

"नाई. हे घरीच शिकली."

राजकुमार मान खाली घालून हसला आणि घाईघाईनं गाडीखाली शिरला. प्लास्टिकचं झाकण खोललं, आतली केबल शोधली, ओढली. खट्ट करून सीट उघडली. कुलूप मात्र तसंच. नवीन उद्या आणतो म्हणाला.

आईनं थैली काढली, खांद्याला लावली, चप्पल घातली. साडेतीन वाजले होते. पलीकडची टोली पायी चार किलोमीटर. मीही निघाले.

तलावाच्या पाळीवरून चालताना मी बडबडत होते. खोटं कसं बोलतात, वरून तुझ्यावर कसं ढकलतात, बाबा आले की मी काय-काय सांगणार आहे. आई भराभर चालत होती.

"काहून बोलली नाई तू?" शेवटी मी विचारलं. "तेलाचा डाग तर समोरच होता."

"बोलली असती त बोलण्यातच दिवस गेला असता," ती म्हणाली. "टपाल कोणं नेलं असतं?"

मला अजूनच राग आला, कारण ते खरं होतं.

हर्षा टोलीच्या तोंडाशी उभी होती. रडून डोळे सुजले होते. आईनं आधी तिची सही घेतली, मग पाकीट दिलं. हर्षानं ते छातीशी धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"काकू, गाडी कुठं आहे?"

"घरी आहे. बसली आज जराशी."

दुसऱ्या दिवशी राजकुमारनं नवं कुलूप बसवलं. तेल टाकायचं नाही, कडक झालं तर पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकायची, असं मला बजावलं. सोबत दोन चाव्या दिल्या. मोठे बाबा ओसरीत खाटेवर बसले होते.

"मायले सांग, एक चावी खिळ्याले लावून ठेव. खळ्यावर जायचं आहे मले."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली,

"चावी माझ्याजवळ राहीन."

लग्नाला अठरा वर्षं झालीत तिच्या. त्यांच्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द. तिनं एक चावी गळ्यातल्या पोतीला पिनेनं अडकवली, दुसरी माझ्या कंपासपेटीत टाकली आणि पोस्टात गेली.

संध्याकाळी मोठे बाबा चहा पिऊन उठले. दाराकडे जाता-जाता, न पाहताच, त्यांचा हात खिळ्याकडे गेला. तिथेच थोडा वेळ थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खळ्याकडे पायी निघाले.